ललितचं निळं दप्तर आणि मी

मित्रांनो, चाकं नसलेली एक जुनी पेटी आहे मी. शहरात मला सुटकेस म्हणतील, पण आमच्या बहादरपुरात मी पेटीच. माझा रंग मरून होता. आता कोपरे पांढरट पडले आहेत आणि दोन कड्यांपैकी एक तुटली आहे. सध्या माझा मुक्काम मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर असतो. तिथून अंगणाचा एक तुकडा दिसतो आणि घरातलं बहुतेक बोलणं ऐकू येतं. मी तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे. ऐकताना एवढं लक्षात असू द्या, की माझा स्वभाव मत्सरी आहे. इतकं सगळं पाहूनही तो फारसा बदललेला नाही.

एका कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडले. मला कड्या लागल्या, आतून निळसर अस्तर चिकटवलं गेलं आणि मी ट्रकने बुऱ्हाणपूरच्या एका दुकानात आले. तिथून मला काशिनाथांनी घेतलं. ते मूळचे महाराष्ट्रातले, नोकरीला नेपानगरच्या कागद कारखान्यात. दिवाळीला गावी जाताना ते मला बरोबर नेत आणि परत आल्यावर ओल्या फडक्याने पुसून कड्यांना तेलाचं बोट लावत. "अशी पेटी आता मिळायची नाही," असं शेजाऱ्यांना सांगत. मी फुगून जाई. त्यांची एकुलती एक मुलगी वर्षा माझ्यावर बसून अभ्यास करी. तिचं लग्न झालं तेव्हा तिच्या साड्या माझ्यात रचल्या गेल्या आणि मीही तिच्याबरोबर सासरी निघाले.

सासर बहादरपूरचं. गिरधर पाटलांच्या केळीच्या बागा होत्या. थोरला मुलगा रितेश हा वर्षाचा नवरा. सासूबाईंचं नाव मालूबाई. सुरुवातीला त्या घरात माझी फार शान होती. कुणीही बाहेरगावी निघालं की "वर्षाची पेटी काढा" असं म्हणत.

मग धाकट्या दिराचं, समाधानचं लग्न झालं आणि दीपाली घरात आली. तिच्यासोबत एक जांभळी ट्रॉली बॅग आली. चार चाकांची! बोटाने ढकललं तरी अंगणभर फिरायची. त्या दिवसापासून मला कुणी विचारेना. एकदा रितेशने मला उचलून खाली ठेवलं आणि म्हणाला, "ये तो पत्थर है यार." मित्रांनो, त्या दिवशी माझ्या अस्तराला आग लागली.

वर्षाचंही काहीसं असंच चाललं होतं. दीपाली हसरी, पटकन मिसळणारी. मालूबाई भाजी निवडायला बसल्या की दीपालीच्या गप्पा रंगत आणि वर्षा आत कपड्यांच्या घड्या घालत बसे. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. पण त्या वर्षी देवाने दोघींनाही एकदमच दिवस दिले. मालूबाईंना काय करू आणि काय नको असं झालं. "एका घरात दोन पाळणे हलणार व माय!" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

दीपाली आधी बाळंत झाली. मुलगा. गोट्यासारखा गुटगुटीत, म्हणून सगळे त्याला गोटू म्हणू लागले. त्याचं बारसं थाटात करायचं ठरलं होतं, पण वर्षाचं बाळंतपण होऊ द्या, मग दोघांचं मिळून करू, असं मालूबाई म्हणाल्या.

वर्षाच्या सोनोग्राफीत डॉक्टरांना काही शंका आली होती. इंदूरला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं, पण त्याआधीच तिला कळा सुरू झाल्या. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला. बाळाच्या पोटाची भिंत नाभीपाशी मिटलीच नव्हती आणि त्याची आतडी पोटाबाहेर आली होती. नर्सने त्यांच्यावर ओलं निर्जंतुक कापड ठेवलं, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं आणि अँब्युलन्स बोलावली. वर्षाला लेकराचं तोंडसुद्धा नीट पाहता आलं नाही. रितेशने घरी येऊन घाईघाईत हाताला येतील ते कपडे माझ्यात कोंबले. दीपालीची ट्रॉली बाळंतिणीच्या खोलीत होती, म्हणून माझा नंबर लागला. अशा वेळीही मला आनंद झाला. सांगायला बरं वाटत नाही, पण झाला.

इंदूरच्या रुग्णालयात मी एका बाकाखाली होते. समोर काचेचं दार आणि त्यापलीकडे ती पेटी. हो, तीसुद्धा पेटीच म्हणायची. काचेची, आत उजेड, ऊब, चारी बाजूंनी नळ्या. मी आयुष्यभर साड्या आणि स्वेटर सांभाळले आणि तिच्या पोटात चक्क एक जिवंत लेकरू होतं! सगळे डॉक्टर तिच्याभोवती. वर्षा तासन् तास तिच्याकडे बघत उभी राही. मला त्या काचेच्या पेटीचा इतका हेवा वाटला, की तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. पण हेवा करणारी मी एकटी नव्हते. एकदा वर्षा रितेशला म्हणाली, "ती नर्स त्याला हात लावते. ती त्याची कूस बदलते. मी त्याची आई आहे आणि मी काचेला हात लावते."

ऑपरेशन झालं. काळं पडलेलं आतडं काढून टाकावं लागलं. डॉक्टर रितेशला बाजूला घेऊन म्हणाले, "जे उरलं ते वीतभर आहे. तेवढ्यावर अन्न पचत नाही. सध्या आपण सगळं शिरेतून देतोय."

"मग मोठा झाला की वाढेल ना ते?"

"थोडं वाढेल. पण तोवर शिरेतल्या अन्नाने लिव्हर खराब होऊ शकतं. आत्ताच डोळे पिवळे दिसताहेत."

रितेशने काचेपलीकडे पाहिलं. मग त्याने एवढंच विचारलं, "कुठे न्यायचं? तुम्ही बोला, मी नेतो."

डॉक्टर तरुण होते. पूर्वी कॅनडात टोरंटो शहरात शिकायला राहिलेले. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात अशा आतडं कमी असलेल्या लेकरांसाठी एक खास पथक होतं. डॉक्टरांनी आपल्या जुन्या गुरूंना फोन केला, बाळाचे फोटो पाठवले, रात्री उशिराचे कॉल केले. बाळाचं नाव विचारलं तेव्हा वर्षाने पहिल्यांदाच ते उच्चारलं, "ललित." तोवर फाइलवर नुसतं 'वर्षाचं बाळ' असं होतं. काही आठवड्यांनी तिकडून होकार आला. त्या रुग्णालयाच्या मदतनिधीने मोठा भार उचलला, उरलेला बहादरपूर, शाहपूर आणि नेपानगरच्या लोकांनी. सगळी तयारी होईपर्यंत ललित इंदूरमध्ये त्या नळ्यांवरच जगत होता.

पासपोर्टच्या पोलिस चौकशीसाठी वर्षाला मला घेऊन दोन दिवस घरी यावं लागलं. त्या दोन दिवसांतली एक दुपार मी कधी विसरणार नाही.

मी पलंगावर उघडी पडले होते. वर्षा माझ्यात गरम कपडे भरत होती. दारात दीपाली येऊन उभी राहिली. तिला मध्यंतरी टायफॉइड होऊन गेला होता; गाल बसले होते. कडेवर गोटू, तोही पूर्वीसारखा गुटगुटीत राहिला नव्हता आणि सारखा रडत होता.

"ताई, माझी ट्रॉली घेऊन जा ना," दीपाली म्हणाली. "चाकं आहेत, एअरपोर्टवर आसान पडतं."

वर्षाने मान वर केली नाही. "माझी आहे ना पेटी."

मी आतल्या आत नाचले. पण वर्षाचा आवाज माझ्या प्रेमाने तसा निघाला नव्हता, हे मलाही कळलं. तिला दीपालीचं काहीच नको होतं.

दीपाली गेली नाही. गोटूला थोपटत तशीच उभी राहिली. गोटूने आणखी मोठ्याने भोकाड पसरलं, तशी वर्षाच्या ब्लाउजवर ओल उमटली. तिने पदर ओढून घेतला. तिला भरपूर दूध येत होतं. ललितला तोंडाने काहीच द्यायचं नव्हतं, म्हणून ती ते पंपाने काढी. इंदूरला रुग्णालयाने थोडं गोठवून ठेवलं होतं, पण जागा तरी किती असणार? घरी आल्यावर तर ते मोरीतच जात होतं.

"ताई, एक बोलू?" दीपालीने धीर केला. "तापानंतर मला दूधच राहिलं नाही. पावडर देते, पण याला पचत नाही, जुलाब होतात. तुम्ही... तुम्ही ते मोरीत टाकता. सकाळी पाहिलं मी. त्यातलं एक वाटी याला—"

"माझं दूध माझ्या लेकराचं आहे."

"पण ललित तर आत्ता पीत नाही ना, ताई."

वर्षाच्या हातातला स्वेटर तसाच राहिला. मग ती सरळ दीपालीकडे बघत म्हणाली, "म्हणून तुझ्या पोराला पाजू? तुझं पोरगं रडतंय तर रडू दे. त्याला रडता तरी येतंय. माझ्याच्या घशात नळी आहे."

मला वाटलं, आता दीपाली रडत निघून जाईल. पण ती गेली नाही.

"याचं बारसंसुद्धा नाही झालं, ताई," ती हळूच म्हणाली. "घरात कोणी याला मांडीवर घेऊन हसत नाही. सगळे बोलतात, वर्षाला वाईट वाटेल. मी बोलले का काही? ललितसाठी सगळं गाव मंदिरात जातं. माझ्या पोराने पहिल्यांदा कूस बदलली तर ते पाहायला कोणी नव्हतं. मलासुद्धा जळायला होतं, ताई. तुमच्या आजारी लेकराचा हेवा करते मी. बोला, काय करू मी याचं?"

मालूबाई आतून धावत आल्या. "दोघी गप बसा व! दोन्ही लेकरं माहीच हायेत. एकीचं दूध मोरीत जातं, एकीचं लेकरू उपाशी, आन् मी मधात कोनाचं तोंड पाहू?"

दीपाली गोटूला घेऊन गेली. संध्याकाळी वर्षा पंप घेऊन बसली, बाटली भरली आणि ती हातात धरून दीपालीच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. दार उघडंच होतं. आतून दीपालीचा आवाज आला. ती गोटूला काही म्हणून दाखवत होती आणि गोटू खळखळून हसत होता. वर्षा तिथेच थांबली. तिने लेकराचं ते हसू ऐकलं, मागे वळली आणि बाटली मोरीत रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही इंदूरला निघालो. माझी एक कडी नेमकी त्याच वेळी तुटली. रितेशने केळीची खोकी बांधतात ती पिवळी प्लॅस्टिकची पट्टी माझ्याभोवती आवळली. पुढे पासपोर्ट हाती आले आणि विमानतळावर माझ्या आजूबाजूला शेकडो चाकांच्या बॅगा गुळगुळीत घरंगळत होत्या. मी मात्र उचलूनच न्यावी लागे. रितेशचा खांदा दुखायला लागला, तरी दीपालीची ट्रॉली आणायला हवी होती, असं वर्षा म्हणाली नाही. ललितसोबत एक डॉक्टर आणि एक नर्स होती. विमानात त्याला वरच्या उजेडात जागा मिळाली आणि मला खाली अंधारात. तेही मला लागलंच.

टोरंटोला बर्फ होतं. रुग्णालयाजवळ आईवडिलांना राहायला खोल्या होत्या, त्यातल्या एका खोलीत मी भिंतीला टेकून उभी राहिले. पहिले काही महिने वर्षा सकाळी जाई ती संध्याकाळी परते आणि सगळं मला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात मालूबाईंना फोनवर सांगे. ललितच्या डोळ्यांतला पिवळेपणा कमी होतोय. लिव्हर जपायला शिरेतून नवीन औषधी तेल देताहेत. वजन वाढतंय. रितेशला केळीच्या काढणीसाठी परत जावं लागलं आणि ती एकटी राहिली.

मग एकदा ललितच्या शिरेतल्या नळीतून जंतू रक्तात गेले. अंगात फणफणून ताप. वर्षाने खाणंपिणं सोडलं. ललित त्यातून वाचला, पण वर्षाचं दूध आटलं. जे इतके दिवस मोरीत वाहून गेलं होतं, ते आता पंप कितीही चालवला तरी थेंबभर येईना. इंदूरला गोठवलेलं तिथेच राहिलं होतं आणि टोरंटोत जे साठवलं होतं तेही संपत आलं.

आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर म्हणाले, "आता त्याच्या पोटात थोडं थोडं दूध सोडून बघू. आईचं दूध या आतड्याला सगळ्यात चांगलं मानवतं."

तोवर ललितला वॉर्डात आणलं होतं आणि वर्षा त्याच्याजवळच झोपायची, त्यामुळे मीही तिच्या कोचाखाली आले होते. म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. नर्स एक छोटी बाटली घेऊन आली. वर्षाने तुटक्या इंग्रजीत विचारलं, "हे कुणाचं?"

"आम्हाला माहीत नाही," नर्स म्हणाली. "ज्या आयांना जास्त येतं, त्या दान करतात. आम्ही तपासतो, गरम करून जंतू मारतो आणि ज्यांना गरज आहे त्यांना देतो."

"नाव नाही?"

"नाव नसतं."

वर्षा म्हणाली, मला जरा वेळ द्या. नर्स गेली. वर्षा कोचावरून उतरली आणि लहानपणी बसायची तशी माझ्यावर येऊन बसली. तिने रितेशला फोन लावला.

"त्याच्या पोटात पहिला घोट जाणार," ती म्हणाली, "आणि तो कुठल्या तरी परक्या बाईचा. माझा नाही."

तिकडून रितेश म्हणाला, "सोच मत ना इतका, वर्षा. दूध दूधच असतं."

"तुला नाही कळायचं."

तिने फोन ठेवला. मला तिचं कळत होतं. ज्या बाईचा चेहरा दिसत नाही, जिचं नाव माहीत नाही, तिचा हेवा करणं फार कठीण असतं. भांडायला कुणी समोरच नसतं. वर्षा माझी तुटकी कडी बोटाने चाळवत राहिली. मग अचानक तिने तोंडावर हात ठेवला, जणू मोरीत रिकामी केलेली ती बाटली तिला समोर दिसली होती. उठली, बाहेर गेली आणि नर्सला म्हणाली, "द्या त्याला."

ललितच्या नाकातल्या नळीतून चमचाभरसुद्धा नाही एवढं दूध गेलं. सगळे वाट बघत राहिले. उलटी झाली नाही. पोट फुगलं नाही. दुसऱ्या वेळी पुन्हा दिलं. ललितने ओठांची हालचाल केली, जसं काही त्याला चव लागली होती.

त्या दिवशी वर्षाने दीपालीला व्हिडिओ कॉल केला. बहादरपूर सोडल्यापासून पहिल्यांदा. पडद्यावर दीपाली आली.

"गोटू काय खातो आता?" वर्षाने विचारलं.

"खिचडी. केळं. मिळेल ते खातो. पावडरवरच वाढला शेवटी. अशक्त आहे थोडा, पण वाढला."

"दीपाली, ललितला आज दूध दिलं. कुणाचं तरी. इथल्या बायका देऊन ठेवतात."

दीपालीने गोटूला मांडीवर ओढून घेतलं.

"मी तुला दिलं नाही," वर्षा म्हणाली आणि रडायला लागली.

"रडू नका ताई. आटलेलं परत यायचं नाही रडून." मग थांबून दीपाली म्हणाली, "मला तुमचा खूप राग आला होता. सच बोलते, अजून आहे थोडा."

"असू दे. मी आले की समोर बसून भांड."

"भांडेन ना," दीपाली म्हणाली. "तुम्ही ललितला घेऊन या फक्त."

पुढे ललितची मोठी शस्त्रक्रिया झाली. ती समजावताना तिथल्या शल्यचिकित्सक बाईंनी एक कागदाची पट्टी घेतली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने अर्ध्यापर्यंत कात्रीने कापलं आणि दोन्ही टोकं ओढली. पट्टी नागमोडी होऊन लांब झाली. "याचं आतडं कमी आहे, पण फुगून रुंद झालंय," त्या म्हणाल्या. "आम्ही ते असं कापून शिवतो. अरुंद होतं आणि लांब होतं. धोका आहे. पण केलं नाही तर लिव्हर पुन्हा बिघडेल." वर्षाने ती पट्टी हातात घेतली, ओढून बघितली. कागद कारखान्यातल्या माणसाची मुलगी ती, कागदाला ओढ किती सोसते ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. "फाटत नाही ना?" तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "फाटू नये म्हणूनच आम्ही आहोत." रितेश परत आला होता. ललितला आत नेलं तेव्हा तो माझी कड धरून उभा होता. पहिल्यांदाच त्याला मी दगड वाटले नसावे. कशाला तरी घट्ट धरायचं होतं त्याला.

शस्त्रक्रिया नीट झाली. त्यानंतरही दुखणी आली आणि गेली, पण शिरेतलं अन्न हळूहळू कमी होत सुटलं. आता त्याच्या पोटाला एक छोटी नळी होती आणि त्या नळीतून दिवसभर थेंब थेंब दूध जाई. त्यासाठी एक दिवस ते आलं. निळं दप्तर.

मित्रांनो, मी तुम्हाला सांगते, माझ्या जन्मात मी कुणाचा इतका हेवा केला नाही. ट्रॉलीचा नाही, त्या काचेच्या पेटीचाही नाही. वीतभर उंचीचं ते दप्तर, त्यात एक लहानसा पंप, दुधाची पिशवी आणि बाहेर आलेली नळी. पंप चालला की घुर्रर्र आवाज करी, एक हिरवा दिवा लागे. ललित चालायला शिकला तोच ते पाठीवर घेऊन. पडला तर आधी दप्तराकडे हात जाई. वर्षा ते रोज पुसे, धुवायला एक जास्तीचं दप्तरही मिळालं होतं. मला मात्र त्या अख्ख्या काळात कुणी एकदाही पुसलं नाही. मी इतक्या लांबून त्या मुलाचे कपडे वाहून आणले, पण ते दप्तर त्याचा जीव वाहत होतं. त्याच्याशी बरोबरी कशी करायची, हे मला आजही कळलेलं नाही.

दोन वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर आम्ही घरी परतलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ललित अजून काही वर्षं नळीवर राहील, पण तोंडाने थोडं थोडं खाईल, आणि जपलं तर शाळेत जाईल. मुंबईहून गाडीने बुऱ्हाणपूर आणि तिथून घर. अंगणात सगळे उभे होते. काशिनाथही नेपानगरहून आले होते. शेजारपाजारच्या बाया ललितकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या. "बिचारं लेकरू," "पोटाले नळी व माय," "काय भोगलं त्याने." वर्षाचा चेहरा कठोर होत चालला होता. दोन वर्षं ती हेच ऐकत आली होती, फोनवरून, डॉक्टरांच्या नजरेतून, विमानातल्या अनोळखी लोकांकडून.

मालूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. ललित वर्षाच्या हातातून सुटून अंगणात दुडुदुडु चालू लागला. पाठीवर निळं दप्तर, घुर्रर्र आवाज, हिरवा दिवा.

दीपालीच्या मागे लपलेला गोटू हळूच बाहेर आला. तो ललितभोवती एक चक्कर मारून आला. दप्तराला कान लावला. हिरव्या दिव्याला बोट लावून बघितलं. नळीकडे बघितलं, ती शर्टाखाली कुठे जाते ते वाकून पाहिलं. आणि मग त्याने जमिनीवर बसून असं भोकाड पसरलं, की बाया दचकल्या.

"मले बी पायजे! मले बी असं दप्तर पायजे! आवाजवालं!"

दीपाली शरमली. "ए गोटू, चूप बस! ताई, सॉरी हां, याला समजत नाही—"

"याले हाय, मले काऊन नाही?" गोटू पाय आपटत होता.

अंगणातल्या बाया वर्षाकडे बघू लागल्या. वर्षा तशीच उभी होती. तिच्या ललितकडे आजवर लोकांनी दयेने बघितलं होतं, भीतीने बघितलं होतं, प्रार्थना केल्या होत्या. पण त्याच्याकडे आहे ते आपल्याकडेही असावं, असं या जगात कुणालाच वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा कुणाला तरी तिच्या लेकराचा हेवा वाटला होता, इतका, की तो मातीत लोळत होता.

वर्षा हसायला लागली. आधी हळू, मग तिला उभं राहवेना. दीपालीचा खांदा धरून ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दीपालीने तिच्याकडे पाहिलं आणि तीही हसायला लागली. "भांडायचं होतं ना आपल्याला," ती म्हणाली. "भांडू, उद्या भांडू," वर्षा म्हणाली.

मग तिने मला अंगणातच उघडलं, तळातून ते जास्तीचं दप्तर काढलं आणि गोटूच्या पाठीवर चढवलं. त्यात पंप नव्हता. गोटूने तोंडानेच घुर्रर्र आवाज काढला आणि धावत सुटला. ललित त्याच्यामागे. ललितला धावता येत नव्हतं नीट, पण तो धावत होता, आणि "माझं खरं आहे! माझं खरं आहे!" असं ओरडत होता. चिडवत होता तो गोटूला. अगदी दिमाखात.

तर मित्रांनो, अशी माझी हकिगत. आता मी कपाटावर असते आणि ललित शाळेला निघाला की त्या निळ्या दप्तराकडे बघून जळते. तुम्हाला कुठे असं लेकरू दिसलं, पाठीवर पंप असलेलं, नाकात नळी असलेलं, चाकांच्या खुर्चीतलं, तर 'बिचारं' म्हणू नका. त्याच्या जवळ जा. त्याच्या पंपाचा आवाज ऐका, दिवा बघा, खुर्ची किती जोरात पळते ते विचारा. आणि खरंच वाटला, तर त्याला कळेल असा थोडा हेवा करा. ते लेकरू त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगेल.

आणि तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी जुनी पेटी माळ्यावर असेल, तर दिवाळीत एकदा तिला ओलं फडकं मारा. आम्ही फार मत्सरी असतो. पण उचलून न्याल तिथे जातो.